फळे घालून चिया पुडिंग : चार दिवसांच्या नाश्त्याची तयारी एकदाच

चिया पुडिंग म्हणजे दुधात भिजवून घट्ट झालेल्या चिया बियांचा, गॅस न पेटवता होणारा गोड पदार्थ. रात्री पाच मिनिटांत भिजवता येतो आणि सकाळी वर फळे घालून थेट खाता येतो. त्यामुळे पहाटे घर सोडणाऱ्या नोकरदारांसाठी आणि विद्यार्थ्यांसाठी तो सोयीचा नाश्ता ठरला आहे. मात्र प्रमाण चुकले की त्याचे पातळ सार तरी होते, नाहीतर गुठळ्यांचा गोळा. फळ चुकले तर पुडिंग कडू होते. आणि बी नीट भिजले नसेल, तर ते घशाखाली अडकण्याचाही धोका असतो.

चिया म्हणजे काय?

चिया हे पुदिना आणि तुळस यांच्याच कुळातील एका वनस्पतीचे बी आहे. ही वनस्पती मूळची मेक्सिको आणि ग्वाटेमाला या भागांतील. स्पॅनिश आक्रमणापूर्वी तेथील ॲझटेक लोकांच्या आहारात चियाला महत्त्वाचे स्थान होते. आता भारतातही, विशेषतः कर्नाटक आणि मध्य प्रदेशात, चियाची शेती होते.

साधारण २५ ग्रॅम चियामध्ये सुमारे ८ ग्रॅम तंतू, ४ ग्रॅम प्रथिने आणि १२० कॅलरी असतात. त्यात वनस्पतिजन्य ओमेगा-३ हे मेदाम्लही भरपूर असते. मात्र माशांतून मिळणाऱ्या ओमेगा-३ मध्ये त्याचे रूपांतर शरीर फारच कमी प्रमाणात करू शकते. त्यामुळे चिया खाल्ले की माशांची गरज उरत नाही, असे म्हणता येत नाही.

चिया आणि सब्जा एकच नाहीत

फालुद्यात घालतात तो सब्जा म्हणजे तुळशीच्या एका जातीचे बी. तो एकसारखा काळा असतो. चियाचे दाणे करडे, तपकिरी, पांढरट असे ठिपक्या-ठिपक्यांचे आणि चकचकीत असतात. शंका आल्यास चमचाभर बी पाण्यात टाकून पाहावे. सब्जा काही मिनिटांतच फुलतो आणि प्रत्येक दाण्याभोवती स्वच्छ पारदर्शक गोळा दिसतो. चिया सावकाश फुलतो आणि दाणे एकमेकांना धरून दाटसर मिश्रण तयार होते. सरबताला सब्जा उत्तम, पण पुडिंग नीट धरण्यासाठी चियाच लागतो.

पुडिंग घट्ट का होते?

चियाच्या सालीत चिकट तंतू असतात. पाणी लागताच ते बाहेर पसरतात आणि पाणी धरून ठेवतात. चिया आपल्या वजनाच्या सुमारे दहा पट पाणी धरू शकतो. साबुदाण्यासारखेच येथेही पाणी आणि वेळ या दोन गोष्टींवर सारे अवलंबून असते. फरक इतकाच, की चियाचे दाणे भिजताना एकमेकांना चिकटतात. म्हणून पहिल्या काही मिनिटांत ढवळणे महत्त्वाचे.

एका व्यक्तीसाठी प्रमाण

- चिया : २ मोठे चमचे (१५ मिलिलिटरचे, सपाट भरलेले, सुमारे २५ ग्रॅम)
- उकळून गार केलेले दूध : १५० मिलिलिटर
- मध, गूळ पावडर किंवा खजुराची पेस्ट : १ लहान चमचा, ऐच्छिक
- वेलची पूड : चिमूटभर
- फळे : अर्धी वाटी

दुधाऐवजी नारळाचे, बदामाचे किंवा सोयाचे दूध चालते. नारळाचे दाट दूध असल्यास त्यात तेवढेच पाणी मिसळावे. निम्मे दूध आणि निम्मे दही घेतल्यास पुडिंग अधिक दाट आणि किंचित आंबट होते.

कृती

१. झाकणाच्या बरणीत आधी दूध, गोडी आणि वेलची नीट एकत्र करावी.

२. चिया एकदम न ओतता, ढवळत-ढवळत घालावा.

३. दहा मिनिटांनी पुन्हा ढवळावे. तळाशी आणि कडेला चिकटलेल्या गुठळ्या काट्याने मोडाव्यात. बहुतेकांचे पुडिंग बिघडते ते ही पायरी गाळल्यामुळे.

४. झाकण लावून किमान चार तास, शक्यतो रात्रभर, फ्रिजमध्ये ठेवावे.

५. सकाळी एकदा ढवळावे. फार घट्ट वाटल्यास थोडे दूध घालावे. पातळ राहिल्यास चमचाभर चिया घालून, ढवळून आणखी तासभर थांबावे.

चार दिवसांसाठी १०० ग्रॅम चिया आणि ६०० मिलिलिटर दूध लागते. रविवारी रात्री चार लहान बरण्या भरल्या की गुरुवारपर्यंतचा नाश्ता तयार होतो.

कोणते फळ केव्हा घालावे?

*आधी घातली तरी चालणारी :* डाळिंबाचे दाणे आणि पिकलेल्या गोड आंब्याचा रस. हापूसचा रस तळाशी, वर पुडिंग असे थर लावल्यास साखरेची गरज पडत नाही. स्ट्रॉबेरीला पाणी सुटते, म्हणून तिचे तुकडे थोड्या गुळात दोन-तीन मिनिटे शिजवून, गार करून घालावेत.

*सकाळीच चिरण्याची :* केळे, सफरचंद, चिकू, पेअर. ही फळे चिरून ठेवली की काळी पडतात. चव फारशी बिघडत नसली, तरी पुडिंग खावेसे वाटत नाही.

*दुधात भिजवून न ठेवण्याची :* कच्चा अननस, किवी, पपई आणि ताजे अंजीर. या फळांतील विकरे दुधातील प्रथिने तोडतात आणि काही तासांत कडवटपणा येतो. ही फळे खातेवेळी वरून घालावीत. अननस शिजवून घेतल्यास ही विकरे निष्प्रभ होतात. संत्रे, मोसंबी यांच्या आंबटपणाने दूध फाटू शकते. त्यांच्यासाठी नारळाच्या दुधाचे पुडिंग अधिक चांगले.

किती दिवस टिकते?

फळे न घातलेले दुधाचे पुडिंग ४ अंश सेल्सिअसच्या आसपास, झाकून, चार दिवस चांगले राहते. चिरलेली फळे घातल्यावर ते दुसऱ्या दिवसापर्यंत संपवावे. घरी काढलेले नारळाचे दूध लवकर खराब होते, त्याचे पुडिंगही दुसऱ्या दिवसापर्यंतच ठेवावे. आंबूस वास आला, फेस दिसला किंवा वर पाणी सुटून चव बदलली, तर ते फेकून द्यावे.

डब्यात नेताना विशेष काळजी घ्यावी लागते. दुधाचा पदार्थ फ्रिजबाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये. पारा ३२ अंशांच्या वर असेल तर तासाभरापेक्षा जास्त नाही. कल्याणहून किंवा विरारहून लोकलने मुंबई गाठणाऱ्यांनी उन्हाळ्यात बर्फाची पिशवी असलेला डबा वापरावा, नाहीतर घरीच खाऊन निघावे.

कोणी जपून खावे?

कोरडा चिया चमच्याने तोंडात टाकून वर पाणी पिऊ नये. २०१४ मध्ये अमेरिकेतील पोटविकारतज्ज्ञांच्या परिषदेत अशी एक घटना मांडली गेली. ३९ वर्षांच्या एका माणसाने चमचाभर कोरडा चिया गिळून वर ग्लासभर पाणी प्यायले. बी अन्ननलिकेतच फुगले आणि दुर्बीण घालून ते दूर करावे लागले. गिळायला त्रास होणाऱ्यांनी आणि अन्ननलिका अरुंद असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय चिया खाऊ नये. लहान मुलांना पूर्ण भिजलेलाच चिया, तोही थोडा द्यावा.

तंतूंची सवय नसल्यास एकदम दोन चमचे घेतल्याने पोट फुगते किंवा दुखते. सुरुवात एका लहान चमच्यापासून करावी आणि दिवसभर पुरेसे पाणी प्यावे. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी रोज चिया सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. मधुमेहींनी मध-गूळ टाळावा आणि आंब्याचा रस, चिकू यांचे प्रमाण मोजकेच ठेवावे. चियात तंतू आहेत म्हणून फळांतील साखर नाहीशी होत नाही.