शापाची मुदत आणि विकाराची वाट

इंदूर जिल्ह्यातील हातोदच्या परिसरातून गंभीर नदी वाहते. होळकर राजवटीत बांधलेला यशवंतसागर याच नदीवर असून, पुढे उज्जैनकडे वाहत जाऊन ती क्षिप्रेस मिळते. नकाशावर बेताचीच दिसणारी ही नदी संस्कृत साहित्यात मात्र मोठ्या मानाने वावरते. कालिदासाने ‘मेघदूता’त हिलाच ‘गंभीरा’ म्हणून संबोधिले आणि मेघाच्या वाटेवरील एक नायिका म्हणून तिचे चित्र रेखाटले. पत्नीच्या विरहाने व्याकुळ झालेला यक्ष जड मेघाला दूत समजतो आणि जड नदीला प्रणयिनी समजतो. एकाच ध्यासाने माणसाचे मन व्यापले म्हणजे सारे जग त्या ध्यासाच्या रंगाने कसे रंगून जाते, याचे याहून मार्मिक उदाहरण क्वचितच सापडेल. अभिजात साहित्यातील पात्रांना भावना आणि ध्यास कोणत्या दिशेने ओढून नेतात, या प्रश्नाचा विचार माळव्याच्या भूमीवरून आरंभ करणे म्हणूनच अनुचित ठरू नये.

यक्षाच्या या अवस्थेचे मूळ कशात आहे, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. आपल्या कामात प्रमाद केल्याबद्दल त्याच्या स्वामीने त्याला शाप दिला. परंतु त्या शापाला एका वर्षाची मुदत आहे. ‘शाकुंतला’तही हीच मांडणी दिसते. दुष्यंताच्या चिंतनात बुडालेली शकुंतला दारी आलेल्या दुर्वासाची दखल घेत नाही आणि त्याच्या शापास पात्र होते. महाभारतातील मूळ आख्यानात हा शाप नाही. तेथे राजा जाणूनबुजून तिला नाकारतो. कालिदासाने शापाची योजना करून राजाला दोषमुक्त केले, असे आपण वर्गात सांगतो, आणि ते खरेही आहे. परंतु त्याबरोबर आणखी एक गोष्ट घडली. तन्मयतेचा अतिरेक हा दोष ठरला, त्या दोषाला शिक्षा ठरली आणि शिक्षेला उःशापही लाभला. अंगठी सापडली की स्मृती परत येते. ‘विक्रमोर्वशीया’च्या चौथ्या अंकात उर्वशीच्या शोधात वेडापिसा होऊन रानोमाळ भटकणारा पुरूरवाही संगमनीय मणी हाती येताच सावरतो. ध्यासाची मर्यादा पात्राच्या बाहेर, विश्वाच्या व्यवस्थेतच आखलेली आहे, असा हा विश्वास होय.

या विश्वासाला नाट्यशास्त्राचा आधार होता. भरताने आठ स्थायी भाव आणि तेहतीस व्यभिचारी भाव सांगितले. शंका, असूया, मद, उन्माद ही सर्व त्याच्या गणनेत व्यभिचारी भावांत मोडतात. समुद्रावर लाटा उठाव्यात आणि विराव्यात, त्याप्रमाणे हे भाव येतात, स्थायी भावाला पुष्टी देतात आणि ओसरून जातात. पुरूरव्याचा उन्माद हा रतीचा सेवक आहे. तो धनी होत नाही. या शास्त्रव्यवस्थेत आपला प्रश्न मांडायचा झाल्यास तो असा मांडता येईल: येऊन जाणारा भाव घरातच ठाण मांडून बसला, पाहुणाच यजमान झाला, तर काय होते?

हा प्रश्न संस्कृत नाटककारांना सुचलाच नाही असे मात्र नव्हे. उज्जयिनीशी निगडित असलेली दोन नाटके या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत. भासाची म्हणून ओळखली जाणारी नाटके गणपतिशास्त्री यांनी १९१२ पासून त्रिवेंद्रम येथून प्रसिद्ध केली. त्यांतील ‘प्रतिज्ञायौगंधरायणा’त वत्सराज उदयन हत्तींच्या छंदापायी फसतो. उज्जयिनीच्या प्रद्योताने रचलेल्या कृत्रिम हत्तीचा मोह त्याला आवरत नाही आणि तो बंदिवान होतो. संस्कृतात ‘व्यसन’ या शब्दाचा अर्थ संकट असाही आहे आणि अनावर आसक्ती असाही आहे. कौटिल्याने ‘अर्थशास्त्रा’त व्यसनांसाठी एक स्वतंत्र अधिकरण दिले आहे, मृगया, द्यूत, स्त्री आणि मद्य या आसक्तींचा तेथे राज्यावरील संकटांबरोबरच विचार झाला आहे. दोन अर्थ एकाच शब्दात नांदतात, त्यात पूर्वजांचा अनुभव साठलेला आहे. परंतु उदयनाजवळ यौगंधरायण आहे. राजाचे व्यसन निस्तरणारा मंत्री, हा जणू शापावरील मानवी उःशापच होय.

दुसरे नाटक शूद्रकाचे ‘मृच्छकटिक’. त्यातील द्यूतकार संवाहक जुगाराने नागवला जातो आणि अखेर स्वतःच विटून भिक्षू होतो. प्रेमापायी चोरी करणारा शर्विलक आपल्या कृत्याची लाज बाळगतो. शकार मात्र निराळ्या जातीचा आहे. वसंतसेना आपली झाली नाही, एवढ्या एका सलाने तो तिचा गळा आवळतो आणि खुनाचा आरोप चारुदत्तावर ढकलतो. त्याच्या विकाराला पश्चात्ताप नाही, लज्जा नाही, विश्रांतीही नाही. तरीदेखील शूद्रक या विकाराला शोकांताकडे जाऊ देत नाही. वसंतसेना जिवंत निघते. वधस्तंभाजवळ पोचलेला चारुदत्त सुटतो आणि शकाराला क्षमा करतो. विकाराची वाट दिसली, परंतु नाटककाराने शेवटच्या वळणावर ती बंद केली.

ही वाट मराठी रंगभूमीवर खुली झाली ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी सांगलीस ‘सीतास्वयंवर’ सादर केले. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ पुण्यास रंगभूमीवर आले. या दोन टप्प्यांच्या दरम्यान, १८६७ मध्ये, महादेवशास्त्री कोल्हटकरांनी ‘ऑथेल्लो’ मराठीत आणले होते. पुढे आगरकरांनी ‘हॅम्लेट’चे भाषांतर केले; कोल्हापूर प्रकरणात टिळकांसह डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढीत असताना त्यांनी त्यावर काम केले आणि १८८३ मध्ये ते प्रसिद्ध झाले. त्याला त्यांनी दिलेले नाव ‘विकारविलसित’ असे आहे. राजपुत्राचे नाव, सूड किंवा प्रेत यांपैकी काहीच त्यांनी शीर्षकात घेतले नाही. नाटकाचा खरा कर्ता विकार आहे, हे विवेकवादाच्या या कट्टर पुरस्कर्त्याने मुखपृष्ठावरच सांगून टाकले. विवेकावर ज्याची श्रद्धा असते त्यालाच विकाराच्या सामर्थ्याची नेमकी मोजणी करावीशी वाटते, असे यावरून म्हणावयास हरकत नाही.

गोविंद बल्लाळ देवलांच्या दोन नाटकांची तुलना या संदर्भात विशेष उद्बोधक आहे. ‘ऑथेल्लो’वरून रचलेल्या त्यांच्या ‘झुंझाररावा’त (१८९०) जाधवरावाने पेरलेला संशय कमळजेचा बळी घेतो. मोलिएरच्या कथानकावर आधारलेले ‘फाल्गुनराव’ त्यांनी पुढे लिहिले आणि १९१६ मध्ये ते ‘संगीत संशयकल्लोळ’ या रूपाने गंधर्व नाटक मंडळीने रंगविले. तेथेही पतीचा संशय आहे, तेथेही एक निर्जीव वस्तू पुराव्याचे सोंग घेते. पहिल्या नाटकात रुमाल, दुसऱ्यात तसबीर. मग एक नाटक काळीज का फाडते आणि दुसरे पोट धरून का हसविते? फरक विकारात नाही, रचनेत आहे. ‘संशयकल्लोळा’त फाल्गुनराव आणि कृत्तिका दोघेही एकमेकांवर संशय घेतात, दोघेही बोलतात, भांडतात, धावाधाव करतात आणि त्या गोंगाटातच सत्य बाहेर पडते. झुंझाररावाचा संशय एकतर्फी आहे आणि तो मनात कोंडलेला आहे. ज्या विकाराला भांडायला समोर कोणी मिळत नाही, तोच अखेर खून करतो.

राम गणेश गडकऱ्यांनी हा विकार राजवाड्यातून काढून मध्यमवर्गीय घरात आणला. त्यांचा मृत्यू २३ जानेवारी १९१९ रोजी झाला आणि त्याच वर्षी ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आले. सिंधूची भूमिका बालगंधर्वांनी केली. हे नाटक दारूबंदीचा पाठ म्हणून शिकविण्याचा प्रघात आपल्याकडे बराच रुळला आहे. वस्तुतः सुधाकराच्या पतनाचा प्रारंभ दारूत नाही, दुखावलेल्या अभिमानात आहे. तो बुद्धिमान वकील आहे. न्यायालयातील अपमानानंतर सनद तात्पुरती जाते, आणि तो अपमान विसरण्यासाठी तळीराम त्याच्या हाती पहिला प्याला देतो. प्याला हे त्या अभिमानाचे औषध होते; मग औषधानेच रोग्याचा ताबा घेतला. मध्ये तो दारू सोडण्याचा निश्चय करतो, परंतु जगाची अवहेलना पुन्हा आड येते. हा निश्चय म्हणजे त्याने स्वतःच स्वतःला दिलेला उःशाप होय; आणि स्वतः दिलेला उःशाप टिकत नाही, हेच या शोकांतिकेचे मर्म आहे. यक्षाला एक वर्ष मोजता येत होते. सुधाकराच्या शापाला मुदतच नाही. भरताचा व्यभिचारी ‘मद’ येथे स्थायी होऊन बसला आहे.

या दोन परंपरांपैकी एक भाबडी आणि दुसरी प्रौढ, असा निवाडा करण्याचा मोह आवरला पाहिजे. शापाची कल्पना माणसाच्या दोषाला हद्द घालते आणि त्याच्या परतण्याला जागा ठेवते. विकाराची कल्पना दोषाचे मूळ माणसातच दाखविते आणि त्याला उत्तरदायी धरते. केवळ पहिलीच शिकविली तर जबाबदारी देवावर किंवा ऋषीच्या कोपावर जाऊन पडते. केवळ दुसरी शिकविली तर घसरलेल्या माणसाला परत येण्याची वाटच उरत नाही. ज्या विद्यार्थ्याच्या घरी एखादा सुधाकर असेल, त्याला ‘दारू वाईट’ एवढाच बोध नवा नसतो. सुधाकराच्या हाती प्याला जाण्यापूर्वी त्याच्या मनाला काय लागले होते, हे समजून घेण्याचा अधिकार मात्र त्याला आहे, आणि ते समजावून देणे हे साहित्याच्या शिक्षकाचे काम आहे.

१९१७, १९३५ आणि २००१ अशी तीन मराठी साहित्य संमेलने इंदुराने भरविली. क्षिप्रा-गंभीरेच्या या प्रदेशात संस्कृत नाटकांची भूमी आणि मराठी नाटकाचा रसिक इतके निकट आले आहेत की, एकाच सत्रात ‘मेघदूत’ आणि ‘एकच प्याला’ ही दोन्ही शेजारी ठेवून वाचणे येथे सर्वांत सोपे आहे. तसे वाचले असता एका ग्रंथाने दुसऱ्याचा अर्थ उजळतो. माणूस कोठवर वाहवत जाऊ शकतो हे गडकरी सांगतात. वाहवलेल्याची वाट पाहणारे कोणी तरी असावे लागते, हे कालिदास सांगतो.