विजेच्या हिशेबात घर केव्हा आले?

2001च्या जनगणनेत महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात सुमारे 65 टक्केच घरांत वीज आढळली. सरकारदफ्तरी मात्र राज्यातली जवळजवळ सगळी गावे तोवर विद्युतीकृत झालेली होती. यात कुणी खोटे लिहिले नव्हते. 1997 पर्यंतचा नियमच असा होता की, महसुली हद्दीत कोणत्याही कामासाठी वीज वापरात असली की गाव विद्युतीकृत. शिवारातल्या एका विहिरीवर पंप सुरू झाला तरी गावाचे नाव यादीत चढे, मग गावठाणात आणि पाड्यांवर रॉकेलची चिमणी का तेवत असेना. घरांना वीज उशिरा मिळाली ती तारा पोचल्या नाहीत म्हणून, हे अर्धेच खरे आहे. काय मोजायचे हे ज्यांनी ठरवले, त्यांच्या हिशेबात घर नव्हते.

पंपाला दिलेले प्राधान्य अविचाराचे नव्हते. 1965-66च्या दुष्काळांनंतर देशाला धान्य हवे होते, आणि 1969 साली स्थापन झालेल्या ग्रामीण विद्युतीकरण निगमाची कर्जे मोठ्या प्रमाणात पंपांसाठीच होती. पण पंप ज्याच्या विहिरीवर, त्याचा आवाज सोसायटीपासून विधानसभेपर्यंत पोचत होता. राज्यात 1977 मध्ये पंपांना अश्वशक्तीवर ठोक आकारणी लागू झाली, ती या आवाजाच्या बळावर. भूमिहीनाच्या झोपडीतल्या दिव्यासाठी तसे बोलणारे कुणी नव्हते.

यावर कुणी म्हणेल, वीजच अपुरी होती. तुटवडा होता खरा, पण तीन अश्वशक्तीच्या एका पंपाइतक्या भारात 40 वॉटचे पन्नासहून अधिक दिवे लागतात. घरांचा वाटा एवढा लहान होता. गरिबीचा आक्षेप अधिक वजनदार आहे. जोडणीचा खर्च मजुराला खरोखर झेपत नव्हता. पण तो खर्च कुणी आणि कसा सोसायचा, हेही नियमच ठरवत होते. विद्युतीकृत गावाच्या 2004च्या नव्या व्याख्येने किमान 10 टक्के घरांत जोडणी आणि दलित वस्तीपर्यंत वाहिन्या अशी अट घातली. 2005च्या राजीव गांधी योजनेने दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांना जोडणी मोफत केली. 2011 मध्ये ग्रामीण महाराष्ट्राचा आकडा सुमारे 74 टक्क्यांवर गेला. ही सगळी वाढ योजनेची नव्हे, उत्पन्नेही वाढत होती. तरीही 10 टक्क्यांच्या अटीत उरलेली 90 टक्के घरे सुटतच होती. 2017च्या सौभाग्य योजनेने गावाऐवजी प्रत्येक घर हेच उद्दिष्ट धरले: गरिबांना जोडणी मोफत, इतरांना 500 रुपयांत, आणि तेही बिलासोबत दहा हप्त्यांनी.