शिवडीचा चिखल आणि दोन मराठी डॉक्टर

ओहोटीची वेळ विचारून घेतल्यावांचून मुंबईच्या शिवडी बंदरावर पक्षी पाहावयास जाण्यांत अर्थ नाहीं. भरतीच्या वेळीं जाणारास तेथें राखी पाण्यापलीकडे फारसें कांहीं दिसत नाहीं. पाणी उतरूं लागलें म्हणजे मात्र दूरवर काळा चिखल उघडा पडतो, आणि मागें सरणाऱ्या पाण्याच्या कडेकडेनें पक्षी चालूं लागतात. गेल्या पौषांत आम्ही कांहीं विद्यार्थ्यांस घेऊन गेलों, तेव्हां प्रथम दिसले ते चिखल्या व तुतारी जातीचे पक्षी. उत्तरेकडील थंड मुलखांतून आलेले हे लहानगे पाहुणे चिखलांत चोंच खुपसून किडे टिपीत होते. रोहित पक्षी मागाहून आले. मान वांकवून, चोंच उलटी धरून ते चिखलपाणी गाळून खातात; त्यांतील धाकट्या जातीचें मुख्य अन्न म्हणजे नुसत्या डोळ्यांस न दिसणारें शेवाळ. विद्यार्थ्यांस गुलाबी रंगाचें कौतुक. तो रंगहि याच अन्नांतून येतो, हें सांगितल्यावर त्यांनीं चिखलाकडे जरा आदरानें पाहिलें.

मुंबईच्या इतिहासांत या चिखलास असा आदर क्वचितच मिळाला. सात बेटांचें एक शहर झालें, ही कथा आपण अभिमानानें सांगतों. पण ती भरती-ओहोटीच्या मधली जमीन बुजविण्याची कथा होय. शिवडीचा किल्ला इंग्रजांनीं १६८० सालीं बांधला तो खाडीवर पहारा ठेवण्यासाठीं. १६८९ सालीं सिद्दी चालून आला, तेव्हां तोच आधीं पडला. पुढें गोद्या आल्या, कारखाने आले. पहारेकरी, व्यापारी, इंजिनिअर या सर्वांनीं खाडीकडे पाहिलें. तेथें काय जगतें हें पाहणें त्यांचें काम नव्हतें.

तें काम आपलें मानणारी मंडळी १५ सप्टेंबर १८८३ रोजीं एकत्र आली. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या आठ संस्थापकांत बहुतेक साहेब होते, हें बहुतेकांस ठाऊक असतें. दोन मराठी डॉक्टर होते, हें फारसें कोणी सांगत नाहीं. एक प्रार्थनासमाजाचे डॉ. आत्माराम पांडुरंग, दुसरे डॉ. सखाराम अर्जुन, औषधी वनस्पतींचे जाणकार आणि रखमाबाईंचे सावत्र वडील. आपण एकास धर्मसुधारणेच्या प्रकरणांत बसविलें, दुसऱ्यास रखमाबाईंच्या खटल्याच्या. त्यांची सृष्टीविषयींची जिज्ञासा मात्र तळटीपेंत गेली. त्या काळीं पक्ष्याची नोंद करावयाची म्हणजे बहुधा तो बंदुकीनें पाडावयाचा. त्यामुळें हा साहेबांचा शोक अशी समजूत झाली असावी. शिवाय सोसायटीचें बिऱ्हाड आरंभीं एका मद्यविक्रेत्याच्या पेढींत होतें, म्हणून सोवळे लोक बिचकले असल्यास नकळे ! आम्हांस ती समजूत पटत नाहीं. समाजाच्या रूढी तपासणारा मनुष्य झाडापाखरांकडेहि त्याच डोळ्यांनीं पाहूं लागला, यांत विसंगत तें काय ?

ठाणें खाडीच्या पश्चिम कांठीं २०१५ सालीं रोहित पक्ष्यांसाठीं अभयारण्य जाहीर झालें, आणि २०२२ सालीं ठाणें खाडी रामसर यादींत गेली. अभयारण्य आहे तें ऐरोली व वाशी येथील पुलांच्या दरम्यान. शिवडीचा चिखल त्याच्या दक्षिणेस, हद्दीबाहेर राहिला आहे. जानेवारी २०२४ मध्यें खुला झालेला अटल सेतु याच चिखलावरून खाडींत पाऊल टाकतो.