पिनाका, पाइपलाइन आणि तीन शेजारी

परवा कॉलवर गंमत झाली. आमच्या प्रोजेक्टवर येरेवानहून, म्हणजे आर्मेनियाच्या राजधानीतून, एक टेस्टर मुलगी काम करते. बाकीचे जॉइन व्हायची वाट बघत असताना ती म्हणाली, "तू पुण्याचा ना? मग पिनाका तुमच्याकडचंच!" पिनाका रॉकेट प्रणाली पुण्यातल्या डीआरडीओच्या प्रयोगशाळेत विकसित झाली हे मला ऐकून माहीत होतं. आर्मेनियाने २०२२ मध्ये ती विकत घ्यायचं ठरवलं हे मात्र तिला पाठ होतं. आधी कॉलर ताठ झाली, मग जरा ओशाळलो. शनिवारी नकाशा उघडून बसलो, त्यातून ही पोस्ट.

काळा समुद्र आणि कॅस्पियन यांच्यामध्ये तीन देश आहेत: जॉर्जिया, आर्मेनिया, अझरबैजान. तिघांची मिळून लोकसंख्या पावणेदोन कोटींच्या आत. १९१८ च्या एप्रिलमध्ये तिघांनी एकत्र संघराज्य काढलं, ते जेमतेम पाच आठवडे टिकलं. पुढे बोल्शेविकांनी १९२२ ते १९३६ तिघांना पुन्हा एकाच दावणीला बांधलं. याच काळात, १९२३ मध्ये, आर्मेनियन बहुसंख्या असलेला नागोर्नो-काराबाख अझरबैजानमधला स्वायत्त प्रांत झाला. मॉस्को अ‍ॅडमिन होतं तोवर सीमा ही कागदावरची रेघ होती. १९८८ मध्ये काराबाखच्या प्रांतिक सोव्हिएतने आर्मेनियात जाण्याचा ठराव केला आणि त्या रेघेवर रक्त सांडायला लागलं. १९९४ ला युद्धबंदी झाली तेव्हा काराबाख आणि आजूबाजूचा बराच मुलूख आर्मेनियनांकडे होता, आणि लाखो अझरी घरादाराला मुकले होते.

आता खरी गंमत. धर्मावरून मैत्री ओळखायला जाल तर हमखास चुकाल. इराण शिया, अझरबैजानही शियाबहुल. पण इराणचं जास्त जमतं ख्रिश्चन आर्मेनियाशी! कारण इराणमध्येच अझरी लोक प्रचंड संख्येने आहेत आणि बाकू फार बलवान झालेलं तेहरानला परवडत नाही. अझरबैजान शस्त्रं घेतं इस्रायलकडून आणि त्याला तेल विकतं. ते तेल जातं २००६ मध्ये सुरू झालेल्या बाकू-तिबिलिसी-जेहान पाइपलाइनमधून. लांबी १,७६८ किलोमीटर. नकाशा बघा, ती आर्मेनियाला वळसा घालून जॉर्जियातून जाते. तुर्कस्तानने १९९३ मध्ये आर्मेनियाची सीमा बंद केली, अझरबैजानची आधीच बंद. उरले दोनच दरवाजे, जॉर्जिया आणि इराण. दोनच दरवाजे असलेल्या घराने शेजाऱ्याची निवड काय डोंबल करायची?

म्हणून आर्मेनिया रशियाला धरून राहिला. जॉर्जिया आणि अझरबैजान १९९९ मध्ये रशियाच्या सामूहिक सुरक्षा करारातून बाहेर पडले. त्याआधीच, १९९७ मध्ये, त्यांनी युक्रेन आणि मोल्दोवाबरोबर ग्वाम नावाचा गट काढला होता. पण २००८ च्या ऑगस्टमध्ये रशियन फौजा जॉर्जियात घुसल्या तेव्हा ग्वाम काही कामाला आला नाही.

आर्मेनियाचा इन्शुरन्सही क्लेमच्या वेळी असाच निघाला. २०२० च्या ४४ दिवसांच्या युद्धात काराबाखचा मोठा भाग गेला. रशिया म्हणाला, करार आर्मेनियासाठी आहे, काराबाखसाठी नाही. २०२२ मध्ये खुद्द आर्मेनियाच्या हद्दीत हल्ला झाला, तेव्हाही रशियाप्रणीत संघटनेने सैन्य पाठवलं नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये अझरबैजानने एका दिवसात उरलेलं काराबाख घेतलं. रशियन शांतिसैनिक तिथेच होते. आठवड्याभरात लाखाहून अधिक आर्मेनियन निघून गेले.

माझ्या सहकारी मुलीची मावशी त्यात होती. एरवी दोन-तीन तासांचा रस्ता, तेव्हा दीड दिवस लागला. हे तिने त्याच कॉलवर, बग रिपोर्ट वाचावा तशा आवाजात सांगितलं.

२०२४ मध्ये आर्मेनियाने त्या संघटनेतला सहभाग गोठवला आणि नवे मित्र शोधले: फ्रान्स, भारत. अझरबैजानच्या पाठीशी तुर्कस्तान आणि पाकिस्तान. पाकिस्तानने तर २०२५ च्या ऑगस्टपर्यंत आर्मेनियाशी राजनैतिक संबंधच ठेवले नव्हते. म्हणजे आपलं भांडण तिकडेही पोचलं होतं.

आणि फासे पुन्हा फिरले. युरोपचा लाडका जॉर्जिया २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये म्हणाला, २०२८ पर्यंत युरोपीय संघाशी प्रवेशाची बोलणी नकोत. २०२५ मध्ये आर्मेनियाच्या संसदेने त्याच संघाकडे वळण्याचा कायदा केला. ८ ऑगस्ट २०२५ ला पाशिन्यान आणि अलियेव वॉशिंग्टनमध्ये एकत्र बसले, आणि शांतता कराराच्या मसुद्यावर दोन्ही परराष्ट्रमंत्र्यांनी आद्याक्षरं केली.

मला मात्र यात सगळ्यात आवडलं ते सादाख्लो. जॉर्जियातलं, आर्मेनियाच्या सीमेलगतचं गाव. युद्धबंदीनंतरच्या वर्षांत तिथल्या बाजारात आर्मेनियन आणि अझरी बिनधास्त एकमेकांशी सौदे करायचे. ना शिखर परिषद, ना करारमदार. २००० च्या दशकात तो बाजार बंद पडला. मोठ्यांची मैत्री पाइपलाइनच्या वळणाने वळते. सादाख्लोत मात्र शत्रूशी घासाघीस करून माणसं संध्याकाळी घरी जात होती.

असो. सोमवारी पुन्हा कॉल आहे. पिनाकाबद्दल "थँक यू" म्हणाली होती ती. त्यावर काय म्हणावं, मला अजून सुचलेलं नाही.