सीमाप्रदेशातील बालमैत्री आणि भाषाज्ञान : जोनाथन एडवर्ड्स (धाकटे) यांच्या स्टॉकब्रिज येथील बालपणाचा विचार

प्रस्तावना :

अठराव्या शतकातील अमेरिकन सीमाप्रदेशाचा इतिहास बहुधा तह, लढाया आणि जमिनींचे व्यवहार यांच्या आधारे लिहिला गेला आहे. त्यात लहान मुलांना स्थान मिळते ते प्रामुख्याने बंदिवासाच्या कथांमधून. १७०४ मध्ये डीअरफील्डहून पळवून नेलेली व पुढे मोहॉकांमध्येच कायमची रमलेली युनिस विल्यम्स हे त्याचे परिचित उदाहरण होय. परंतु कोणी कोणाला पळवून न नेता, केवळ शेजारपणातून जुळलेल्या मैत्रीची नोंद क्वचितच आढळते. अशा मैत्रीतून करार होत नाहीत, दावे होत नाहीत, त्यामुळे दप्तरात तिचा मागमूस राहत नाही. १७८८ साली न्यू हेवन येथे प्रसिद्ध झालेला मोहिकन भाषेवरील एक छोटेखानी निबंध या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो. त्याकडे आजवर भाषाशास्त्राचे साधन म्हणूनच पाहिले गेले. एका बालपणाचे साधन म्हणूनही तो वाचता येतो.

स्टॉकब्रिजची वसाहत :

मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिम सीमेवर हाऊसाटॉनिक नदीच्या खोऱ्यात १७३४ मध्ये जॉन सार्जंट या धर्मोपदेशकाने मोहिकन लोकांसाठी मिशन सुरू केले. १७३९ मध्ये स्टॉकब्रिज या नावाने तेथे रीतसर गाव स्थापन झाले. आदिवासींसमोर आदर्श जीवनाचा नमुना असावा म्हणून मोजकी इंग्रज कुटुंबेही गावात वसविण्यात आली. या आदर्श कुटुंबांनी पुढे सर्वाधिक लक्ष जमिनीकडे पुरविले, हे येथे नमूद करावयास हवे. सार्जंट यांच्या मृत्यूच्या वेळी, म्हणजे १७४९ मध्ये, गावात सुमारे दोनशे आदिवासी राहत होते.

त्यांच्या जागी १७५१ मध्ये सुप्रसिद्ध धर्मशास्त्रज्ञ जोनाथन एडवर्ड्स हे नॉर्थॅम्प्टन येथील मंडळीने पदच्युत केल्यानंतर सहकुटुंब आले. त्यांचा त्याच नावाचा मुलगा तेव्हा सहा वर्षांचा होता. वडील शेवटपर्यंत दुभाष्यामार्फतच उपदेश करीत राहिले. आदिवासी मुलांच्या शिक्षणाविषयी त्यांची मते मात्र त्या काळाच्या मानाने पुढारलेली होती. अर्थ न कळता केलेल्या घोकंपट्टीस त्यांचा विरोध होता, मुलींनाही शिकवावे असे त्यांचे म्हणणे होते, आणि शाळेत काही इंग्रज मुले मिसळावीत म्हणजे आदिवासी मुले इंग्रजी लवकर आत्मसात करतील, अशी त्यांची योजना होती.

त्यांच्याच घरात घडले ते नेमके उलट. मुलाने पुढे प्रौढपणी लिहिलेल्या निबंधाच्या प्रस्तावनेत याचा वृत्तांत दिला आहे. सर्वांत जवळचे शेजारी मोहिकन, रोजचे सहाध्यायी मोहिकन, खेळगडीही तेच. घराचा उंबरठा ओलांडला की मोहिकनखेरीज दुसरी भाषा कानी पडणे विरळाच. काही वस्तूंची नावे त्याला मोहिकनमध्ये ठाऊक होती, इंग्रजीत नव्हती. मनातले विचारदेखील त्याच भाषेत चालत, असे तो सांगतो. त्याचे उच्चार अगदी आपल्यासारखे आहेत, असे या आधी कोणत्याही गोऱ्या माणसाला जमले नव्हते, अशी पावती मोहिकनांनी दिल्याचेही त्याने नोंदविले आहे.

हे लेखन सुमारे पस्तीस वर्षांनंतरचे आहे. त्यात स्मरणरंजनाचा आणि थोड्याफार आत्मगौरवाचा अंश असणार, हे मान्य करावे लागेल. तरीही विचारांची भाषा बदलण्याइतके प्रभुत्व धर्मप्रश्नोत्तरीच्या पाठांतरातून येत नाही. ते खेळातून, भांडणातून, रुसव्या-फुगव्यातून येते. मैत्रीचा याहून बळकट पुरावा क्वचितच मिळेल.

युद्धाची छाया :

या मैत्रीला मिळालेला शांततेचा काळ जेमतेम तीन वर्षांचा. १७५४ मध्ये इंग्रज आणि फ्रेंच यांच्यात उत्तर अमेरिकेच्या ताब्यासाठी युद्ध पेटले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये एका रविवारी बाहेरून आलेल्या आदिवासींनी स्टॉकब्रिजमधील एका इंग्रज घरावर हल्ला करून माणसे मारली. हल्लेखोर परके होते, संशयाची नजर मात्र गावातल्या मोहिकनांवर वळली. एडवर्ड्स यांच्या घराभोवती तटबंदी उभी राहिली, घरात सैनिकांचा मुक्काम पडला. ज्या अंगणात दोन्हीकडची मुले खेळत, तेच आता ठाणे बनले.

अशा परिस्थितीत वडिलांनी घेतलेला निर्णय आजच्या वाचकाला चकित करणारा वाटेल. एप्रिल १७५५ मध्ये त्यांनी दहा वर्षांच्या उंबरठ्यावरील जोनाथनला गिडियन हॉले या तरुण मिशनरीबरोबर सस्क्वेहाना नदीकाठच्या ओनाक्वागा या दूरच्या वस्तीत धाडले. मुलाने तेथील ओनायडा लोकांची भाषा शिकून पुढे मिशनरी व्हावे, हा हेतू होता. त्याच्या भाषाप्रेमाचा वडिलांनी असा उपयोग करू पाहिला. मैत्री मुलांची होती, तिच्यामागची योजना मोठ्यांची.

मे १७५५ मध्ये वडिलांनी त्याला ओनाक्वागाला पाठविलेले पत्र उपलब्ध आहे. जोनाथनबरोबर खेळणारा आणि पूर्वी त्यांच्याच घरी राहिलेला डेव्हिड नावाचा मुलगा मरण पावल्याची बातमी त्यात आहे. डेव्हिड कोणत्या समाजाचा, हे पत्रात म्हटलेले नाही. सांत्वनाचा शब्दही फारसा नाही. तूही मृत्यूसाठी सिद्ध हो, हा त्यातील बोध. प्युरिटन घरातील पितृवात्सल्य असेच व्यक्त होत असे. तरी घरापासून दूर, परक्या भाषेत वावरणाऱ्या त्या मुलाने हे पत्र कसे वाचले असेल, हा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही.

जुलै १७५५ मध्ये जनरल ब्रॅडॉक यांच्या सैन्याचा दारुण पराभव झाला आणि संपूर्ण सीमाप्रदेश असुरक्षित बनला. फ्रेंचांच्या हल्ल्याची भीती निर्माण झाली तेव्हा ओनाक्वागाच्या लोकांनी या मुलाला खांद्यावर घेऊन अरण्यातून कित्येक मैल सुरक्षित स्थळी नेले, असे त्याच्या चरित्रात नमूद आहे. अखेरीस युद्धामुळेच त्याला स्टॉकब्रिजला परतावे लागले. १७५८ मध्ये आई-वडील दोघेही निवर्तले आणि त्याचे स्टॉकब्रिजमधील बालपण संपुष्टात आले.

१७८८ चा निबंध :

तो मिशनरी झाला नाही. प्रिन्स्टन येथील महाविद्यालयातून १७६५ मध्ये पदवी घेऊन धाकटे एडवर्ड्स न्यू हेवन येथे धर्मोपदेशक झाले. वडिलांच्या घरी गुलाम होते, मुलाने मात्र १७९१ मध्ये गुलामगिरीविरुद्ध प्रवचन छापले. या दोन गोष्टींचा संबंध स्टॉकब्रिजशी सरळ जोडण्याचा मोह टाळलेला बरा.

ऑक्टोबर १७८७ मध्ये त्यांनी कनेक्टिकटमधील विद्वत्सभेपुढे मोहिकन भाषेवरील निबंध सादर केला. न्यू इंग्लंडपासून पश्चिमेकडे पसरलेल्या अनेक जमातींच्या भाषा मोहिकनशी एका मुळाच्या आहेत, मोहॉक मात्र सर्वस्वी भिन्न आहे, हे त्यांनी शब्दांच्या तुलनेने दाखविले. त्यापूर्वी दोनही वर्षे झाली नव्हती, तोच कलकत्त्यात सर विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांच्या समान उगमाचे सूत्र मांडले होते. जोन्स संस्कृत शिकले ते न्यायाधीशपदावर, प्रौढ वयात. एडवर्ड्स यांचे गुरू सहा-सात वर्षांची मुले होती.

याची खूण निबंधात जागोजागी दिसते. 'नोघ' म्हणजे माझे वडील, 'कोघ' म्हणजे तुझे वडील. कोणाचे ते न सांगता नुसते 'वडील' म्हणण्याची सोय मोहिकनमध्ये नाही. कोणी केवळ 'ओघ' म्हणालाच तर ऐकणारा टक लावून पाहील आणि हसेल, असे एडवर्ड्स लिहितात. हे हसू व्याकरणाच्या पुस्तकातले नव्हे. आदिवासींच्या भाषांत अमूर्त कल्पनांना शब्दच नसतात, या विद्वानांत रूढ असलेल्या मताचेही त्यांनी, निदान मोहिकनपुरते, स्पष्ट खंडन केले.

लेखन तपासून घेण्यासाठी त्यांनी ते कॅप्टन योघम या प्रमुख मोहिकन गृहस्थांना वाचून दाखविले. प्रस्तावनेतील खेळगड्यांपैकी मात्र एकाचेही नाव दिलेले नाही. त्यांच्या पिढीचे पुढे काय झाले, याची उत्तरे अन्यत्र शोधावी लागतात. स्वातंत्र्ययुद्धात स्टॉकब्रिजचे मोहिकन वसाहतींच्या बाजूने लढले. ३१ ऑगस्ट १७७८ रोजी न्यूयॉर्कजवळील किंग्जब्रिज येथे त्यांच्या तुकडीचा घात झाला. डॅनियल निम्हॅम आणि त्यांचा मुलगा अब्राहम यांच्यासह अनेक जण मारले गेले. एडवर्ड्स यांच्या वयाची माणसे तेव्हा तिशीत होती. तोवर कर्ज, विक्री आणि शेजाऱ्यांची चतुराई यांमुळे गावातील बहुतेक जमीन त्यांच्या हातून गेली होती. १७८० च्या दशकात मोहिकनांनी स्टॉकब्रिज सोडून न्यूयॉर्क प्रांतात ओनायडांनी दिलेल्या जमिनीवर नवे गाव वसविले. निबंध छापला गेला तो याच सुमारास. पुढे १८२० च्या दशकात त्यांना तेथूनही विस्कॉन्सिनकडे सरकावे लागले. विसाव्या शतकात मोहिकन अस्खलित बोलणारी शेवटची पिढी संपली. विस्कॉन्सिनमधील स्टॉकब्रिज-मुन्सी समाजाने आता भाषा पुन्हा शिकण्याचे प्रयत्न आरंभिले आहेत, ते जुन्या लिखित साधनांच्या आधारे. त्या साधनांत न्यू हेवनच्या या निबंधाचाही समावेश होतो.