चिठ्ठीचा इतिहास

झरीसारख्या गावातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काय घडतं, तिथून सुरुवात करू. समजा, चाळिशीचा एक शेतमजूर दंडावरचा फिकट चट्टा दाखवायला आला. डॉक्टर त्याला डोळे मिटायला लावतात, कापसाची वात टेकवतात आणि विचारतात, "कळतंय का?" तो घुटमळतो. एकदा हो म्हणतो, एकदा नाही. मग डॉक्टर चिठ्ठी देतात, 'परभणीला जिल्हा रुग्णालयात, त्वचारोग विभागात दाखवा.'

ती चिठ्ठी पुष्कळदा खिशातच राहते. मजुरी बुडते, एसटीचं भाडं लागतं, ही कारणं खरीच आहेत. पण आम्हाला वाटतं, त्या कागदाला एक जुनी भीती चिकटलेली आहे.

ती कुठून आली? 1898 चा कायदा बघा. ब्रिटिश हिंदुस्थानात कुष्ठरोगी आणि भिकारी दिसणाऱ्या माणसाला पोलीस वॉरंटाशिवाय पकडू शकत. डॉक्टर तपासून दाखला देई आणि मॅजिस्ट्रेट त्याला आश्रमात ठेवण्याचा हुकूम काढी. म्हणजे डॉक्टरनं लिहून दिलं आणि माणूस गेला, असा त्या कागदाचा अर्थ. हॅन्सननं या रोगाचा जंतू 1873 मध्येच दाखवला होता. तरी लोकांच्या मनात तो पूर्वजन्मीच्या पापाचाच राहिला.

आपली परभणी तेव्हा निजामाच्या राज्यात. त्याच राज्यात, निजामाबादजवळ डिचपल्लीला इझाबेल कर या मिशनरी डॉक्टर बाईंनी 1915 मध्ये कुष्ठरोग्यांचं काम सुरू केलं. परभणीवरून जाणारी रेल्वे निजामाबादवरून पुढे डिचपल्लीला जाते. गाडी तीच, पण त्या काळी असा रोगी गाडीत बसला की घरचे परतीची वाट बघत नसत.

पुढे आपल्याकडे थोर माणसं उभी राहिली. मनोहर दिवाणांनी 1936 मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूरला काम सुरू केलं. अमरावतीला शिवाजीराव पटवर्धनांचं तपोवन झालं, वरोऱ्याला बाबा आमट्यांचं आनंदवन. घरानं टाकलेल्याला तिथं काम मिळालं, मान मिळाला. पण त्याला घर सोडावं लागलं होतं, हे विसरता येत नाही.

खरी दिशा बदलली 1951 नंतर. वर्ध्याच्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानात डॉ. वार्डेकरांनी पाहणी, शिक्षण आणि उपचार अशी पद्धत घालून दिली. कार्यकर्ता घरोघर जाई, चट्टे बघे, डॅप्सोनच्या गोळ्या दिल्या जात. माणसाला हलवायचं नाही, औषधानं त्याच्या दारी जायचं! 1981 नंतर तीन औषधांचा एकत्र उपचार आला. आज तो सौम्य प्रकाराला सहा महिने आणि मोठ्या प्रकाराला बारा महिने देतात. तो फुकट मिळतो आणि रोगी घरीच राहतो.

डिसेंबर 2005 मध्ये देशपातळीवर रोग्यांचं प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आलं. हे काम साध्या दवाखान्यांकडे सोपवलं गेलं, दारी येणारा कार्यकर्ता कमी झाला आणि चिठ्ठीचं महत्त्व पुन्हा वाढलं. निदान स्पष्ट असेल तर उपचार गावच्या केंद्रातच सुरू होतो. शंका असेल, नस दुखत असेल, हाताची ताकद कमी होत असेल, तर वर पाठवतात. इथं दिवस मोजावे लागतात. नसेचं नुकसान सहा महिन्यांच्या आतलं असेल, तर उपचारानं बरंचसं भरून येऊ शकतं. उशीर झाला की जंतू मरतो, पण वाकडी बोटं तशीच राहतात.

आता आणखी एक अडचण बघा. आपल्याकडे डॉक्टरकीच्या शिक्षणात त्वचारोग, गुप्तरोग आणि कुष्ठरोग हा एकच विषय आहे. बऱ्याच दवाखान्यांत दारावरची पाटीही तशीच असते. नायटा घेऊन आलेली बाईसुद्धा त्या पाटीखाली उभी राहताना पदर पुढे ओढते. गावचं कोणी बघितलं तर? लहान पोराला आई हात धरून नेते. मोठ्या माणसाला कोण नेणार? त्याचं लग्न, जमीन, पत, सगळं त्या दारात पणाला लागतं. आणि ही भीती अगदी पोकळ नव्हती. 1898 चा कायदा रद्द व्हायला 2016 उजाडलं. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण कायद्यातून निघालं ते 2019 मध्ये.

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, म्हणून एका शब्दाशी थांबतो. 'पाठवणे' या क्रियापदाला परतीची हमी नसते. लेकीची पाठवणी होते तेव्हा तिनं तिकडेच नांदायचं असतं. दवाखान्याची चिठ्ठी तशी नाही, पण हे रोग्याला कोणी सांगितलं का? म्हणून चिठ्ठी देणाऱ्यानं दोन मिनिटं बोलावं. कशाची शंका आहे, तिथं काय तपासतील आणि संध्याकाळी तू घरी येशील, एवढं सांगावं. आठवड्यानं विचारावं, "जाऊन आलास का?"

या प्रश्नात 'आलास' हा शब्द आहे. तो ऐकायला मिळावा म्हणून कित्येकांची आयुष्यं वाट बघण्यात गेली.