मोटारींतली कुरकुर

बैलगाडीची करकर आपल्या कानांना परकी नाहीं. आंसाला वंगण कमी पडलें कीं गाडी ओरडूं लागते, आणि गाडीवान खालीं उतरून वंगणाचें बोट फिरवितो. मोटार आली तेव्हां ही करकर कायमची गेली असें पुष्कळांस वाटलें असेल. ती गेली नाहीं. चाकांतून निघून ती बसणारांच्या भोंवतीं, दारांत, छपरांत व बैठकींखालीं येऊन राहिली. तिला तेथून हुसकून लावण्याच्या खटपटीचा इतिहास आज सांगावयाचा आहे.

आरंभीं दोन आवाजांतला भेद ध्यानांत घेतला पाहिजे. एक खडखड आणि दुसरी कुरकुर. खडखड म्हणजे टक्कर. दोन ढिल्या वस्तु धक्का बसतांच एकमेकींवर आपटतात. कुरकुर हा घर्षणाचा आवाज. दोन पृष्ठभाग एकमेकांस चिकटतात, ताण वाढला कीं सटकतात, पुन्हां चिकटतात, आणि हें सेकंदांत शेंकडों वेळां घडतें. सारंगीचा गज तारेवर फिरतो तेव्हां हेंच होतें. गजाला राळ लावावयाची ती त्यानें तार नीट धरावी म्हणून. हेल्महोल्ट्झनें एकोणिसाव्या शतकांत अशा तारेचें कंपन तपासलें, आणि १९१८ सालीं चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं कलकत्त्याहून गजानें वाजणाऱ्या तारांवर आपला मोठा निबंध प्रसिद्ध केला. तेव्हां दाराची कुरकुर ही शास्त्रदृष्ट्या सारंगीची बहीणच, फक्त सुरांत न लागलेली.

सुरुवातीच्या मोटारींत या बहिणीचा सुळसुळाट होता. कारखाना एंजिन व खालचा सांगाडा देई. वरची बॉडी बग्ग्या बांधणारे कारागीर घडवीत. अ‍ॅश झाडाच्या लांकडाची चौकट, तिचे सांधे सरसानें व स्क्रूंनीं बसविलेले, आणि वर पत्रा. घोड्याच्या चालीला असलें काम वर्षानुवर्षें टिके. मोटारीखालचा पोलादी सांगाडा मात्र वाईट रस्त्यावर पिळवटतो. एक चाक खांचेंत गेलें कीं वरची सगळी चौकट तिरकी होते. लांकूड सुकलें, सांधा केंसाएवढा ढिला झाला, कीं लांकूड लांकडावर घांसूं लागे. कारागीर लोखंडी पट्ट्या ठोकून सांधे आणखी आवळीत. थोड्या दिवसांनीं आवाज पुन्हां हजर.

यावर निराळ्या रीतीनें विचार केला तो एका वैमानिकानें. चार्ल्स वेमन याचा जन्म १८८९ सालीं हैती देशांत, पोर्ट-ओ-प्रिन्स येथें झाला. १९११ सालीं इंग्लंडांत ईस्टचर्च येथें त्यानें अमेरिकेतर्फे विमानांच्या शर्यतीचा गॉर्डन बेनेट चषक जिंकला. त्या काळचें विमान म्हणजे लांकडी काठ्या, तारा आणि वर ताणलेलें कापड. तें लवतें म्हणूनच मोडत नाहीं. पहिल्या महायुद्धानंतर पॅरिसमध्यें वेमननें हाच न्याय मोटारीला लावला. त्याच्या चौकटींत लांकूड लांकडाला शिवतच नसे. दोन तुकड्यांमध्यें किंचित् फट ठेवून ते पातळ पोलादी पट्ट्यांनीं जोडलेले असत. रस्त्यानें चौकट पिळली तर पट्टी लवे. घांसावयास कांहीं नाहीं, मग आवाज कसला? बाहेरून पत्र्याऐवजीं कातड्यासारखें दिसणारें कापड, आणि कोपऱ्यांना गोलाई यावी म्हणून त्याखालीं कापसाचा थर. बैठकांचा भार वरच्या चौकटीवर न टाकतां खालच्या सांगाड्यावर दिलेला. गाडी हलकी झाली आणि मुकीहि झाली. अनेक देशांतल्या नामांकित कारागिरांनीं ही पद्धति वापरण्याचे परवाने घेतले. बेंटलीसारख्या भारी गाड्यांवरहि कापडी बॉडी चढली.

माझ्या मतें या सबंध इतिहासांत याहून सरळ विचार दुसरा झाला नाहीं. तरी दहाएक वर्षांत तो मागें पडला. १९२४ च्या सुमारास ड्यूकोसारखे लवकर सुकणारे रंग आले. पत्र्यावर त्यांस येणारी तकाकी कापडावर येईना. शिवाय उन्हापावसानें कापड विटे, शिवणींतून ओल शिरे आणि आंतलें लांकूड कुजे. गिऱ्हाइकानें शांतता देऊन तकाकी विकत घेतली असें म्हणण्याचा मोह होतो, पण तें अर्धेंच खरें. कुजलेली चौकट कितीहि मुकी असली तरी कोणाला हवी? १९३२ सालीं इंग्लंडांत मेट्रो-कॅमेल वेमन ही कंपनी निघाली, आणि वेमनचें नांव राहिलें तें बसगाड्यांवर.

तिकडे फिलाडेल्फियास एडवर्ड बड यानें १९१२ सालीं कारखाना काढला होता. सगळी बॉडी पोलादाचीच करावयाची हा त्याचा ध्यास. डॉज बंधूंच्या गाड्यांना १९१४ पासून त्याच्या बॉड्या मिळूं लागल्या. पत्रे वेल्डिंगनें एकजीव केलेले, त्यामुळें लांकडी सांध्यांची कुरकुर मिटली. पण सपाट पोलादी पत्रा हा नगारा आहे. रस्त्याची प्रत्येक थरथर तो घुमवून कानांवर घालतो. मग या पत्र्यांना आंतून डांबरी थापे चिकटविण्याची युक्ति निघाली. पत्र्याच्या मध्यावरचा तेवढासा तुकडा त्याची थरथर उष्णतेंत जिरवितो. आजहि गाडीच्या तळाशीं अंथरलेलें जाजम उचलून पाहिलें तर पुष्कळदां असे थापे दिसतात.

१९५८ सालीं डेव्हिड ओगिल्वी यानें रोल्स-रॉइसची एक प्रसिद्ध जाहिरात लिहिली. ताशीं साठ मैलांच्या वेगांतहि गाडींत मोठ्यांत मोठा आवाज विजेच्या घड्याळाचा, असा तिचा आशय होता. ही बढाई खरी, पण तींत एक कबुलीहि आहे: एंजिन गप्प बसलें म्हणून घड्याळ ऐकूं आलें. विजेवरच्या मोटारींनीं हा प्रसंग घरोघर आणला आहे. एंजिनाच्या गुरगुरीखालीं झांकलेली बारीक कुरकुर आतां उघडी पडते. त्यांत आंतलें बहुतेक काम प्लॅस्टिकचें. चाळीस अंश तापमान वाढलें तर मीटरभर पोलाद सुमारें अर्धा मिलिमीटर वाढतें. तेवढ्याच लांबीचें प्लॅस्टिक त्याच्या कित्येक पट. म्हणून सकाळीं गप्प असलेली गाडी दुपारच्या उन्हांत बोलूं लागते.

यावर कारखान्यांत आणि गॅरेजांत जें करतात तें वेमनला ओळखीचें वाटलें असतें. जेथें शक्य तेथें स्क्रू पक्का आवळावा. जेथें हालचाल टळत नाहीं तेथें मध्यें नमद्याची पट्टी घालून दोन्ही भाग वेगळे करावे. तारांच्या जुडग्यांना मऊ कापडी फीत गुंडाळावी. वाईट असतो तो अर्धवट स्पर्श. दारांच्या रबराला सिलिकोनचें वंगण चालतें. खनिज तेल मात्र लावूं नये, त्यानें पुष्कळ जातींचें रबर फुगतें. आवाजाची जागा हुडकावयाची तर एकानें खडबडीत रस्त्यावर गाडी सावकाश चालवावी आणि शेजारच्यानें दारावर, छपरावर, समोरच्या फळीवर एकेक ठिकाणीं हात दाबून पाहावा. हात टेकतांच आवाज थांबला, तर शोध संपला. एवढें मात्र करावें, कीं त्यापूर्वीं सगळे कप्पे व दारांचे खिसे रिकामे करून घ्यावे. कारण खडखडणारी वस्तु पुष्कळदां गाडीची नसतेच. तें चष्म्याचें घर असतें, नाहीं तर बैठकीखालीं घरंगळलेली एखादी पाण्याची बाटली.